मळसूत्र

चाकं आधी सापडली.
एक उर्पोच्या गोठ्यामागे, खाजऱ्या झुडपांत:
तुंबा शाबूत, आरे सात कुजलेले,
लोखंडी धाव निखळून पडलेली, तिच्या रिंगणात
पोरं शेकोटी पेटवायची.
दुसरं दुकानात, छताला टांगलेलं, दिवे लावून.
दुकानदारानं भाव सांगितला. राउहा
काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.
शेवटी शिडी त्यानंच आणली.

नळी हाउकिनिएमीच्या सभागृहापुढे
माझ्या जन्माआधीपासून पडून.
उन्हाळ्यात तिच्या तोंडात पेटुनियाची कुंडी,
हिवाळ्यात कुणाची तरी बिअरची बाटली.
बुडाला नुसतं भोक. लहानपणी त्यातून
मी पलीकडचं तळं बघायचो,
नाण्याएवढं.

लेथवर चाळीस वर्षं काढलीत मी.
स्प्रिंग, बिजागरी, खिळे,
आराखडा द्या, करून देतो.
पण बुडाचं मळसूत्र करायचं नाही, हे मीच ठरवलेलं.
ज्यानं ती बंद होते, ते तिचंच हवं.
नाहीतर कुंडी काय वाईट होती?

वही राउहाकडे. नळीवर, कण्यावर, तुंब्यावर
पीटर्सबर्गच्या कुणा कारागिरानं ठोकलेला आकडा:
४१७३.
तोफ त्यांची, मग आमची, मग त्यांच्यावरच रोखलेली.
लग्नाच्या पत्रिका बघाव्यात तशी राउहा
प्रत्येक भाग त्या आकड्याशी ताडून बघते.
तीन हिवाळे पत्रं लिहिली. योएन्सूहून एकजण
मोठ्या आशेनं घेऊन आला ते
खिमा करायच्या यंत्राचं निघालं. त्याला जेवू घातलं.

मग सिल्वी पार्तानेन. वय ब्याऐंशी,
तळघराच्या पायऱ्या माझ्याआधी उतरली.
पिंपात खारवलेली अळंबी, वर फळी,
फळीवर ते. मिठानं पांढरं,
आट्यांत शेपूच्या काड्या अडकलेल्या.

बाबांनी आणलं, म्हणाली. माघारीच्या रात्री हुकूम होता,
तोफ सोडा, बूड सोडू नका.
पंधरा किलो पाठीवर, चार दिवस दलदलीतून.
अरमास म्हणून एक होता. त्याच्या मांडीत गोळी.
"पाठ एक, ओझी दोन,"
आणि तिनं पिंपाची कड उगाच पुसली.
दर सप्टेंबरला फळीवर हे तेच ठेवायचे,
आईला हात लावू द्यायचे नाहीत.
अळंबी ताटात आली तर ताट सरकवायचे.
मीही नाही खाल्ली कधी. वाटून टाकते.

पैसे नको म्हणाली. दगड मागितला,
याच वजनाचा. चुन्याचा नको, खारात झिजतो.
ताणकाटा घेऊन दीड दिवस तळ्याकाठी फिरलो.
ग्रॅनाइट, साडेपंधरा.
"चालेल."

तीन रात्री रॉकेलमध्ये. पितळी ब्रश, मग दातांचा ब्रश.
चौथ्या सकाळी बुडात घातलं, पाव फेरा दिला
आणि ते बसलं.
कपाट लागावं एवढाच आवाज.
राउहानं वाकून भिंग धरलं.
४१३७.

उलटसुलट वाचतेस, म्हटलं.
ती बरोबर वाचत होती.

म्हणजे कुठल्याशा दलदलीत अजून एक आहे,
बुडाला भोक असलेली,
आणि तिच्यापाशी
जे राहिलं असेल ते.

वहीत रकाना आहे: जुळतं, जुळत नाही.
राउहानं पेन माझ्यापुढे धरलं.
मी कॉफी करायला उठलो.

सिल्वीला अजून सांगितलेलं नाही.
परवा तिच्याकडून बरणी आली, फडक्यात बांधून,
सोबत चिठ्ठी:
दगड बरा दाबतो. यंदा मी खाल्ली.

बरणी तोफेच्या कण्यावर ठेवली आहे.
झाकणाला आटे आहेत,
पण पाव फेऱ्यात निघत नाही.